बोलणं वगळून

"याच्यातलं तेवढं बोलायचं काढून टाका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल काउंटरवर ठेवला.

काउंटरला नाझनीन मुजावर होती. इचलकरंजीतलं आमच्या कंपनीचं दुकान तीच चालवायची आणि गिऱ्हाइकाचं काहीही ऐकून घ्यायची तिची तयारी असे. पण हे तिलाही नवीन होतं. तिने फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि शेवटी बाजूला खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे.

"आवाज येत नाही का, मावशी?"

"येतोय की. त्योच नको हाय. आमाला नुसतं दिसायला पाहिजे."

बाईंच्या पदराला सुताचे पांढरे धागे चिकटले होते. यंत्रमागाच्या गावात निम्म्या बायकांच्या पदराला ते असतात. मी खुर्ची ओढून पुढे आलो. मी शिरीष बेंद्रे, 'हाक मोबाईल'चा कोल्हापूर विभागाचा मार्केटिंग मॅनेजर. 'हाक' ही तीन-चार जिल्ह्यांपुरती छोटी कंपनी होती, आणि या गोष्टीला आता दहाएक वर्षं झाली. त्या दिवसांत आम्ही सगळेच जरा धास्तावलेले होतो. लोकांनी एसेमेस करणं सोडलं होतंच, आता ते फोनही इंटरनेटवरून फुकट करायला लागले होते. कुठल्या कुठे बसलेल्या अ‍ॅपवाल्यांशी टक्कर कशी द्यायची, हे शोधण्यासाठी मला इचलकरंजीला पाठवलं होतं.

"नेट घ्यायचं तर बोलण्याचा पॅक त्यासोबत येतोच, मावशी," मी समजावलं. "'मनसोक्त बोला' म्हणून आहे. महिनाभर कुणाशीही, कितीही."

"माझी पोरगी जन्मापासनं बहिरी हाय," त्या म्हणाल्या. "तिचा हुणारा नवराबी तसाच. दोघं फोनवर हातानं बोलतात. तुमचं मनसोक्त बोलणं घेऊन मी काय करू? लोणचं घालू?"

नाझनीन हसू दाबायला खाली वाकली.

"मुलगी मुकी आहे का?" मी विचारलं.

"मुकी कशानं? लई बोलती. पटत नसंल तर या बगायला."

शकुंतला बिरनाळे असं त्यांचं नाव. मी गेलो ते काही कुतूहलानं नव्हे. त्यांच्याच भागातल्या आमच्या टॉवरवर फोनवरचं बोलणं झपाट्याने उतरलं होतं आणि नेटचा वापर भलताच चढला होता. मला कारण हवं होतं.

शकुंतलाबाई ज्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या तिथे त्या मला घेऊन गेल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि कान गच्च भरून गेले. दोन्ही बाजूंना माग खडखडत होते. मी काहीतरी बोललो. ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं, की तिथे सगळेच बोलत होते. एकजण पलीकडच्या रांगेतल्याला दोन बोटं दाखवत होता, दुसरा ओठ आणि भुवया हलवून काहीतरी चहाडी करत होता, आणि तिसरा ती ऐकून पोट धरून हसत होता. शकुंतलाबाईंचे यजमान अण्णासाहेब एका मागावर होते. त्यांनी मला पाहून एक हात कपाळाला लावला, मग अंगठा ओठाशी नेला. नमस्कार, चहा घेणार का? मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कापड तपासायची खोली मागच्या बाजूला होती. तिथे काचेच्या टेबलाशी उभी राहून राजमती कापडातला तुटका धागा शोधत होती. चोवीस-पंचवीसची असेल. आईने तिच्या खांद्याला हात लावला तशी ती वळली आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. मी लहानपणापासून माणसं बोलताना पाहिलीत, पण इतकं सगळ्या अंगानं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं. भुवया, खांदे, गाल, बोटांची पेरं, सगळं कामाला लागलं होतं.

"इचारतीया, तुमी काय विकता?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"सांगा, बोलणं विकतो."

राजमतीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात झटकले.

"म्हणतीया, मग आपलं जमणं अवघड हाय."

संध्याकाळी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी चहाला थांबलो तेव्हा भरतेशचा फोन आला. भरतेश उपाध्ये मूळ जयसिंगपूरचा, पुण्याकडे भोसरीत एका कारखान्यात लेथवर कामाला. राजमतीने मोबाईल फळीवरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तीन पावलं मागे सरली, म्हणजे दोन्ही हात नीट दिसावेत. पडद्यावर एक हसतमुख, कुरळ्या केसांचा पोरगा आला. त्याने काहीतरी सांगितलं. तिने डोळे मोठे करून दोन्ही हात असे फिरवले की मी आपोआप चहाचा कप बाजूला घेतला.

"काय म्हणाली?"

"मला काय म्हाईत?" शकुंतलाबाई चुलीकडे, म्हणजे गॅसकडे तोंड करून, पाठमोऱ्या उभ्या होत्या. "पोरीचं तिच्या नवऱ्यासंगट बोलणं आईनं कशापायी आयकायचं? ती दोघं बोलायला लागली की मी वळून हुबी ऱ्हाती."

कोल्हापूरला परतल्यावर हे सगळं मी आमच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. उदय हळदणकर. 'हाक'चे सर्वेसर्वा नसले तरी आमच्यासाठी तेच सर्व काही होते. लोकांना घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची तेव्हापासून ते या धंद्यात होते. सावंतवाडीला त्यांची आई एकटी राहायची. रोज दुपारी तिचा फोन यायचा आणि समोर कोणीही बसलेलं असो, हळदणकर तो घ्यायचेच. "होय गो आये, जेवलंय" एवढं बोलून ठेवायचे, आणि मग पुढचा तासभर त्यांचा चेहरा निवळलेला असायचा. आम्ही आमच्या रजेच्या मागण्या तेव्हाच पुढे सरकवायचो.

"आपण माणसाचा आवाज विकतो, बेंद्रे," ते मला म्हणाले. "तुमच्या त्या अ‍ॅपवाल्यांचा एक तरी टॉवर आहे का? एक दुकान आहे? विहीर आपण खणायची, रहाट आपण ओढायचा आणि पाणपोईवर पाटी दुसऱ्याची!"

"मान्य आहे, सर. पण या मुलीला आवाजाचा..."

"अशा किती मुली असतील?"

निर्णय मुंबईच्या मुख्य कार्यालयात आधीच झाला होता. अ‍ॅपवरून चेहरा बघून बोलायचं असेल त्याने वेगळा पॅक घ्यायचा. जो घेणार नाही त्याचं चित्र मंद होईल. म्हणजे लोक कंटाळून पुन्हा साध्या फोनकडे येतील. प्रयोग आधी एकाच गावात करून पाहायचा होता. त्या टॉवरचे आकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून गाव ठरलं इचलकरंजी. मी एकदा विरोध केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा हळदणकरांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो उचलला जाईपर्यंत कुणी बोलायचं नसतं, हे आम्हाला माहीत होतं.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला प्रयोग चालू झाला. पहिल्याच दिवशी हळदणकर स्वतः बघायला येणार होते, म्हणून मी सकाळीच दुकानात हजर झालो. गर्दी रोजच्यासारखीच होती. चित्र अडकतंय अशा तक्रारी घेऊन लोक यायला लागले, नाझनीन त्यांना नवा पॅक समजावत होती, आणि माझ्या मनात आलं, चालेल कदाचित हे.

तिसऱ्या प्रहरी दार उघडलं आणि राजमती आत आली. मागून धापा टाकत शकुंतलाबाई. राजमतीने रांग वगैरे काही पाहिलं नाही. तिने मोबाईल माझ्यासमोर काउंटरवर आपटला.

पडद्यावर भरतेश होता. अंगावर कारखान्यातला निळा डगला, डोळे अर्धे मिटलेले, आणि एक हात तोंडासमोर वर उचललेला. चित्र तिथेच थिजलं होतं.

"भांडण चाललं हुतं," शकुंतलाबाईंनी सांगितलं. "मदीच बंद पडलं."

"कसलं भांडण?"

त्यांनी पदर सावरला आणि आवाज खाली आणला. "भरतेशच्या आईचा निरोप आला. विमलबाईंचा. लग्नात चार लोकांच्या समोर पोरीनं हात हलवायचं न्हाईत. गप बसायचं. शोभत न्हाई म्हणं. वाईट न्हाईत हो त्या. भरतेश ल्हान असताना कुणीतरी त्यास्नी सांगितलं हुतं, हातवारं केलं की पोरगं बोलायला शिकत न्हाई. तवापासनं त्येचे हात धरत आल्यात बिचाऱ्या. पण आमची ही आयकती व्हय? हिनं त्याला सरळ इचारलं, तुझं काय म्हणणं हाय? आईचं खरं का माझं? आन् त्यो सांगायलाच लागला हुता, तवर..."

तिघींनी, म्हणजे त्या दोघींनी आणि नाझनीननेही, त्या थिजलेल्या हाताकडे पाहिलं.

"'थांब' म्हणतोय," नाझनीन म्हणाली.

रांगेतले एक पेन्शनर गृहस्थ चष्मा पुढे करून वाकले. "छे! आशीर्वाद देतोय."

"'जमणार न्हाई' म्हणायचं झालं तरी हात असाच वर जातोय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आन् 'आईला सांगतो' म्हणायचं झालं तरी सुरवात अशीच हुतीया. पुढचं दिसल्याबिगर काय कळायचं?"

"मेसेज करून विचारा की," रांगेतून कुणीतरी सुचवलं.

शकुंतलाबाईंनी ते हातांनी राजमतीला सांगितलं. तिने त्या माणसाकडे अशा नजरेनं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला.

"लिवून भांडण हुतंय व्हय?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "राग कुठं लिवायचा? आन् खरं-खोटं तोंडाकडं बगितल्याबिगर कळतंय व्हय? लग्न मोडायची पाळी आलीया, साहेब. हिनं एकदा न्हाई म्हटलं तर मी काय हिचं मन वळवू शकत न्हाई."

राजमती आता माझ्याकडे बघत होती. तिने एक हात सरळ धरला आणि दुसऱ्या हाताने मनगटाशी कापल्यासारखं केलं.

"म्हणतीया, माणसाचं बोलणं अर्धं तोडून ठेवता, असला कसला धंदा तुमचा?"

दुकानात शोभेला एक मोठा टीव्ही लावलेला होता. त्याच्या डोक्यावर कॅमेरा होता. नव्या सोयी गिऱ्हाइकांना दाखवता याव्यात म्हणून तो कंपनीच्या स्वतःच्या पक्क्या लायनीवर चालायचा, टॉवरशी त्याचा संबंध नव्हता. त्या दिवशी त्यावर 'मनसोक्त बोला'ची जाहिरात फिरत होती.

मी जाहिरात बंद केली.

"त्याला इथे लावा," मी नाझनीनला म्हणालो.

"सर, हळदणकर साहेब कधीही येतील."

"लावा."

शकुंतलाबाई कचरल्या. "येवढ्या लोकांच्या समोर?" त्यांनी मुलीला विचारलं. राजमतीने दुकानावर एक नजर फिरवली आणि खांदे उडवले. मग त्यांनाही हसू आलं. "म्हणतीया, हितं कुणाच्या बापाला कळतंय?"

भरतेश टीव्हीवर आला तो जवळजवळ खऱ्या माणसाएवढा. पाठीमागे लेथ, बाजूला डोकावणारे दोन मित्र. राजमतीने मित्रांना बोट दाखवून हाकललं, मागे सरून स्वतःपुरती जागा केली, आणि सुरुवात केली.

शकुंतलाबाईंनी खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसल्या.

आधी कुजबुज झाली. मग ती बंद पडली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे गप्प झाले. नाझनीनने पंख्याचा वेग कमी केला, जणू पाती फिरायच्या आवाजानं काही अडणार होतं. राजमतीचे हात कधी सपासप चालत होते, कधी छातीशी येऊन थांबत होते. एकदा तिने ओठ घट्ट मिटून दोन्ही तळवे खाली दाबले आणि तसेच दाबून धरले. त्या तिकडे भरतेशने मान खाली घातली. मग त्याने वर पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवावा तसं, काहीतरी सांगायला लागला.

हळदणकर कधी आले ते मला कळलंच नाही. बाजूला उभे होते.

"हे काय चाललंय, बेंद्रे?"

"भांडण, सर."

"आपल्या टीव्हीवर?"

"होय, सर."

"काय म्हणतेय ती?"

"माहीत नाही."

"इथे कुणाला तरी कळत असेल."

"तिच्या आईला कळतं. पण त्यांनी पाठ फिरवलीय."

हळदणकरांनी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या शकुंतलाबाईंना पाहिलं. मग पुन्हा टीव्हीकडे. मला वाटलं, आता चष्मा काढणार. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांच्या आईचा. त्या दिवशी तिला उशीर झाला असावा. त्यांनी तो घाईघाईने कानाला लावला आणि तोंडावर हात धरून पुटपुटले, "आये, मागीर करतंय. हय बोलणा चल्ला हा." नंतर करतो, इथे बोलणं चाललंय, असं.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण ते स्वतःशीच जरासे हसले. ज्या बोलण्याला आवाजच नव्हता, त्याचा खोळंबा होऊ नये म्हणून ते कुजबुजले होते.

मग बराच वेळ ते तसेच उभे राहिले. पेन्शनर गृहस्थांनी त्यांना आपली खुर्ची देऊ केली, ती त्यांनी हातानेच नाकारली.

शेवटी राजमतीने दोन्ही हात खाली सोडले. भरतेशही गप्प होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आणि मग त्याने काहीतरी अगदी बारीकसं केलं, दोन बोटांचं, आणि ती एकदम हसली. ती हसली तसा सगळ्या दुकानाने श्वास सोडला. काही न कळता इतक्या माणसांना इतकं हायसं वाटलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तिने जाऊन आईच्या खांद्यावर टकटक केलं. शकुंतलाबाई वळल्या. मुलीचे हात त्यांनी लक्ष देऊन पाहिले आणि पदराने डोळे पुसले.

"काय झालं?" हळदणकरांनीच विचारलं.

"म्हणला, मी आईला सांगतो. हात बांधून बसायचं असंल तर मीच मांडवात बसत न्हाई. म्हणला, आईनं माझं हात धरलं ते धरलं, तुझं कुणी धरायचं न्हाईत."

नाझनीनने राजमतीला पाण्याचा ग्लास दिला. मी विचारलं, "आणि मघाशी? तो हात वर केला होता, तेव्हा काय म्हणत होता?"

शकुंतलाबाईंनी विचारलं. राजमतीने उत्तर दिलं आणि मायलेकी दोघीही हसायला लागल्या. शकुंतलाबाईंना बोलवेना.

"काय म्हणत न्हवता हो. माशी हाकलत हुता."

हळदणकर मला घेऊन समोरच्या टपरीवर गेले. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतला, जे ते ऑफिसात कधी करत नसत.

"आपल्याला यात बोलण्याचं किती मिनिटांचं बिल झालं?"

"एकाचंही नाही, सर."

"हूं." त्यांनी घोट घेतला. "त्या अ‍ॅपवाल्यांना ही मुलगी ठाऊक आहे?"

"त्यांना कशी असेल?"

"रागावून ती कुणाच्या काउंटरवर आली?"

"आपल्या."

"कारण त्यांचा काउंटरच नाही." ते म्हणाले. रस्त्यावरून कापडाच्या ताग्यांनी भरलेला टेम्पो गेला. "आणि आपण काय करत होतो? तिचं बोलणं मधेच तोडून तिला दुकानात आणत होतो."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"इथला प्रयोग आज बंद करा. मुंबईला मी बघतो. आणि त्या बाई काय मागायला आल्या होत्या पहिल्यांदा? बोलणं वगळून? तसा पॅक करा. चित्र अडकलं तर कुठे येऊन भांडायचं, ते त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ही तिमाही तुमची. नाही चाललं तर मी तुम्हाला वाचवणार नाही."

"चालेल, सर."

"आणि बेंद्रे, कंपनीची लाईन परवानगीशिवाय वापरलीत. लेखी विचारणा येईल. उत्तर जरा नीट द्या."

विचारणा आली. मी उत्तर दिलं. ते त्यांनी तीनदा परत पाठवलं, शुद्धलेखनासाठी.

पॅकला नाव नाझनीनने दिलं, 'हातोहात'. आम्हाला वाटलं होतं, राजमतीसारखी थोडी माणसं घेतील. पण घेतला तो मागावरच्या कामगारांनी. कुणाचं घर ओडिशात, कुणाचं विजापूरकडे. खडखडाटात त्यांना फोनवर कधीच काही ऐकू यायचं नाही. आता कामाच्या मधल्या सुट्टीत ते मागापाशीच उभे राहून घरच्यांना तोंड दाखवायचे, हातानं विचारायचे आणि हातानं सांगायचे. टॉवर कमी पडायला लागला, दुसरा उभा करावा लागला. गावात 'हाक'ची गिऱ्हाइकं टिकली, वाढलीही. मुख्य कार्यालयाने हे इतर गावांत करावं म्हणून हळदणकर पुष्कळ झगडले. थोडं झालं, बरंचसं झालं नाही. तीन-चार वर्षांनी मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं आणि 'हाक'ची पाटी उतरली. हळदणकर आता सावंतवाडीत असतात. महिन्यातून एकदा फोन करतात, साधाच. चेहरा दाखवा म्हटलं तर म्हणतात, "त्यात काय बघायचंय? आवाज ऐक."

पण मला सांगायचंय ते लग्नाचं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात जयसिंगपूरला झालं. आम्हा तिघांना बोलावणं होतं, मला, नाझनीनला आणि हळदणकरांना. मांडवात निम्मी माणसं बोलत होती आणि निम्मी हातवारे करत होती. पुण्याहून भरतेशचे मित्र आले होते, मिरजेहून राजमतीच्या शाळेतल्या मैत्रिणी, आणि मागावरचे सगळे तर होतेच. त्यांना दोन्ही येत असल्यामुळे ते मधल्या मधे इकडचं तिकडे पोचवत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा राजमतीच्या मैत्रिणीने ती समोर उभं राहून हातांनी म्हटली. अक्षता पडल्या आणि निम्म्या मांडवाने टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात उंच करून हलवले. हळदणकरांनीही केले.

विमलबाई पुढच्या खुर्चीत ताठ बसून होत्या. नारिंगी काठाचं भारी पातळ, हात मांडीवर. मुलाने हट्ट केला म्हणून त्यांनी मानलं होतं, पण मन राजी झालेलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. कुणी हातवारे करत जवळून गेलं की त्या दुसरीकडे बघायच्या.

पंगती बसल्या. मी वाढप्यांच्या वाटेत उभा होतो. शकुंतलाबाई बुंदीची परात घेऊन चालल्या होत्या. विमलबाई उठून त्यांच्याजवळ आल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, इकडेतिकडे बघत, "'जेवलास का' कसं म्हणायचं?"

शकुंतलाबाईंनी परात माझ्या हातात दिली. मग त्यांनी घासासारखी बोटं जुळवून ओठांशी नेली आणि भुवया उंचावून मान किंचित पुढे केली. विमलबाईंनी तसं करून पाहिलं. बोटं नीट जुळेनात. शकुंतलाबाईंनी ती जुळवून दिली. "भुवया उचला. न्हाईतर इचारल्यागत वाटत न्हाई."

विमलबाई परत फिरल्या. भरतेश मित्रांच्या घोळक्यात उभा होता, मुंडावळ्या पुन्हा पुन्हा मागे टाकत. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, काही काम असेल. सवयीनं तो त्यांच्या ओठांकडे बघायला लागला. ओठ हलले नाहीत. त्यांनी हात वर उचलला. बोटं जुळवली, ओठांशी नेली, आणि भुवया उंचावून त्या थांबल्या.

मित्रांचे हात जागच्या जागी थांबले. भरतेश आईच्या हाताकडे बघतच राहिला. सत्तावीस वर्षांचा झाला होता तो. मग त्याने मान हलवली आणि दोनच छोट्या खुणा केल्या.

विमलबाईंना त्या कळल्या नाहीत. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं.

या वेळी शकुंतलाबाईंनी पाठ फिरवली नव्हती.

"म्हणतोय," त्या तिथूनच ओरडल्या, "'न्हाई. तू?'"